आव्यातला घट: तोच की दुसरा?

कच्चा घट आव्यात रचला जातो तेव्हा तो काळसर असतो आणि भाजून उतरतो तेव्हा तांबडा असतो. या रोजच्या घटनेत जे घडते त्याला न्याय आणि वैशेषिक या दर्शनांनी 'पाक' असे नाव दिले, आणि अग्नीच्या संयोगाने पार्थिव द्रव्यात जुने गुण नष्ट होऊन जे नवे गुण उपजतात त्यांना 'पाकज' म्हटले. रूप, रस, गंध आणि स्पर्श हे चार गुण पृथ्वीच्या बाबतीत पाकज असतात, जल, तेज आणि वायू यांच्या परमाणूंत असा पालट होत नाही, इथपर्यंत दोन्ही दर्शनांचे एकमत आहे. मतभेद सुरू होतो तो पुढच्या प्रश्नावर: तांबडा होऊन उतरलेला घट हा आव्यात ठेवलेला तोच घट आहे, की तो घट आगीत नाहीसा होऊन त्याच्या जागी त्याच आकाराचा दुसरा घट निर्माण झाला आहे? प्रश्न कुंभारकामाचा वाटला तरी दोन्ही दर्शनांना त्यात कुंभारकामापलीकडचे काही गुंतलेले दिसत होते. शरीरही पार्थिव आहे, जठराग्नीने त्यातही अहोरात्र पाक चालतो, आणि बालपणीचे शरीर व वार्धक्यातले शरीर एक की दोन, याचे उत्तर ज्या तत्त्वावर द्यायचे तेच तत्त्व घटाच्या उदाहरणात तपासले जात होते.

वैशेषिकांच्या मताला 'पीलुपाकवाद' म्हणतात. पीलु म्हणजे परमाणू, आणि पाक होतो तो परमाणूंचा, संपूर्ण वस्तूचा नव्हे, असे हे मत आहे. प्रशस्तपादाच्या पदार्थधर्मसंग्रहात ही प्रक्रिया टप्प्याटप्प्याने मांडली आहे. अग्नीच्या आघाताने परमाणूंत गती उत्पन्न होते, त्या गतीने ते एकमेकांपासून विभक्त होतात, त्यांचा परस्परसंयोग नष्ट होतो आणि संयोगावर उभा असलेला घट विघटित होऊन पार परमाणूंपर्यंत पोचतो. मग सुट्या परमाणूंशी अग्नीचा संयोग होऊन त्यांचे काळे रूप जाते, पुन्हा झालेल्या संयोगाने तांबडे रूप येते, आणि त्यानंतर ज्यांना त्या घटाचा उपभोग घ्यायचा आहे अशा जीवांच्या अदृष्टामुळे, म्हणजे पूर्वकर्मातून साठलेल्या धर्माधर्मामुळे, परमाणू पुन्हा गतिमान होऊन द्व्यणुक, त्र्यणुक या क्रमाने नवा घट उभा राहतो. हे सारे किती क्षणांत घडते याची मोजदादही पुढच्या ग्रंथकारांनी केली. कोणी नऊ क्षण म्हटले, कोणी दहा, कोणी अकरा. या प्रकरणाची क्लिष्टता प्राचीनांनाही ठाऊक होती. माधवाचार्यांच्या सर्वदर्शनसंग्रहात एका जुन्या उक्तीचा उल्लेख येतो, जिच्या मते दोन या संख्येची उत्पत्ती, पाकजांची उत्पत्ती आणि विभागातून होणारा विभाग या तीन जागी ज्याची बुद्धी घसरत नाही तोच खरा वैशेषिक.

हा सगळा खटाटोप त्यांना का करावा लागला, हे समजून घेतल्याशिवाय त्याची थट्टा करणे सोपे आहे. वैशेषिकांच्या मते अवयवी, म्हणजे अवयवांहून वेगळी अशी एकसंध वस्तू, आपल्या अवयवांना पूर्ण व्यापून असते. अवयवीचे रूप अवयवांच्या रूपातून येते आणि एकदा आलेले रूप त्याचा आश्रय असलेली वस्तू नष्ट झाल्याखेरीज जात नाही. असे असेल तर घट शाबूत असताना त्याचे काळे रूप जाऊच शकत नाही. आणि घट गच्च सांधलेला असताना अग्नी त्याच्या पोटातल्या परमाणूंपर्यंत पोचूही शकत नाही. म्हणून घट फुटलाच पाहिजे. तर्क काटेकोर आहे आणि त्याचा निष्कर्ष डोळ्यांना न पटणारा आहे, आणि वैशेषिकांनी डोळ्यांपेक्षा तर्काची बाजू घेतली.

नैयायिकांनी डोळ्यांची बाजू घेतली. त्यांच्या मताला 'पिठरपाकवाद' म्हणतात. पिठर म्हणजे भांडे, आणि पाक सबंध भांड्याचाच होतो, परमाणूही त्या भांड्यात राहूनच पक्व होतात, असे त्यांचे म्हणणे. त्यांचे पुरावे कुंभारवाड्यात उभे राहून गोळा केल्यासारखे आहेत. आव्यात जितकी भांडी ठेवली तितकीच उतरतात. जिथे ठेवली तिथेच सापडतात, आणि 'हा तोच घट' अशी ओळख, म्हणजे प्रत्यभिज्ञा, अबाधित राहते. भांड्यांवर भांडी रचलेली असताना खालचे भांडे क्षणभर जरी परमाणूंपर्यंत विस्कटले असते तरी वरची रास कोसळली असती, आणि ती कोसळत नाही. शिवाय नवा घट घडवायला कुंभार, चाक आणि दांडा लागतो. आव्याच्या आत यांपैकी काहीच नसते. राहिला अग्नी आत कसा शिरतो हा प्रश्न, आणि त्याचे नैयायिकांचे उत्तर या चर्चेतले सर्वांत महत्त्वाचे वाक्य ठरावे: पार्थिव वस्तू सच्छिद्र असतात. न्यायसूत्रावरील वात्स्यायनाच्या भाष्यात, प्रकाश आणि उष्णता वस्तूच्या आड अडत नाहीत हे दाखवताना, पाण्याने भरलेल्या घटाच्या बाहेरच्या अंगाला लागणारा गारवा आणि त्यातून पाझरणारे पाणी यांचा दाखला दिला आहे. माठ पाझरतो ही गोष्ट उन्हाळ्यात मराठवाड्यातल्या प्रत्येक घराला माहीत आहे; तिच्यातून तत्त्वज्ञानाचा मुद्दा काढायला मात्र वात्स्यायन लागला.

या वादाला जालना जिल्ह्यात एक प्रत्यक्ष ठिकाण देता येते. केळणा नदीकाठचे भोकरदन म्हणजे प्राचीन भोगवर्धन. प्रतिष्ठानहून, म्हणजे पैठणहून, उत्तरेकडे जाणाऱ्या व्यापारी मार्गावरचे हे नगर सांची आणि भारहुत येथील स्तूपांच्या दानलेखांतून आपल्या नावानिशी भेटते. तिथे १९७३ साली नागपूर आणि मराठवाडा या दोन विद्यापीठांच्या वतीने शां. भा. देव आणि आर. एस. गुप्ते यांच्या मार्गदर्शनाखाली उत्खनन झाले आणि पुढच्याच वर्षी त्याचा अहवाल प्रसिद्ध झाला. त्या उत्खननातल्या हस्तिदंती स्त्रीमूर्तीची कीर्ती मोठी, कारण तिचे साम्य इटलीतील पाँपेई येथे सापडलेल्या भारतीय हस्तिदंती मूर्तीशी आहे. पण पाकजांच्या प्रश्नाला ती मूर्ती उपयोगी नाही. उपयोगी आहेत ती सातवाहनकालीन दख्खनी स्थळांवर सर्रास मिळणारी काळी-तांबडी खापरे. आतून आणि काठाशी काळे, बाहेरून तांबडे असे हे भांडे आव्यात पालथे घालून भाजलेले असते, असा सर्वसाधारण समज आहे. पालथ्या भांड्याच्या पोटात हवा पोचत नाही, तिथला प्राणवायू जळण खाऊन टाकते, आणि त्यामुळे मातीतल्या लोहाला तांबडा ऑक्साइड होता येत नाही व काजळीचा कार्बनही जळून जात नाही. बाहेरच्या अंगाला मोकळी हवा मिळते आणि तिथे लोहाचे हेमॅटाइट होऊन तांबडा रंग येतो.

काळा घट तांबडा होतो, हे दोन्ही दर्शनांचे ठरीव उदाहरण. या खापरांत मात्र काळा आणि तांबडा एकाच भांड्यात, एकाच आगीत, बोटभर जाडीच्या भिंतीच्या दोन अंगांना आले आहेत. अन्नंभट्टाच्या तर्कसंग्रहात रूपाचे सात प्रकार सांगितले आहेत आणि त्यांत सातवे आहे 'चित्र', म्हणजे अनेक रंगांचे मिळून एक असे रूप. कारण रूप हे वस्तूला पूर्ण व्यापते, अर्धा घट काळा आणि अर्धा तांबडा असे म्हणण्याची सोय त्या मतात नाही. खापराची मोडलेली कड हातात धरून पाहिली तर मात्र सोय आपोआप दिसते. बाहेरच्या तांबड्या पट्ट्यातून आतल्या काळ्या पट्ट्याकडे जाताना मध्ये करड्या-तपकिरी रंगाची एक अस्पष्ट पायरी असते, आणि ती पायरी म्हणजे हवा रंध्रांतून जिथपर्यंत पोचली तिथली सीमा. पाक झाला तो ना सुट्या परमाणूंचा, ना सबंध पिठराचा. तो रंध्रांच्या वाटेने, वाट जिथपर्यंत गेली तिथपर्यंत झाला. इथे नैयायिकांची सच्छिद्रता खरी ठरते, पण ती त्यांच्या अपेक्षेपेक्षा जरा जास्तच खरी ठरते.

वाद खरा पेचात सापडतो तो मात्र ज्या भांड्याला रंध्रे उरत नाहीत त्याच्या बाबतीत, आणि ते भांडे म्हणजे पोर्सिलेन, ज्याला मराठीत सरसकट चिनी माती म्हणतात. गंमत अशी की चिनी मातीतला मुख्य घटक सातवाहनांच्या दख्खनला अपरिचित नव्हता. तेर, पैठण, कोंडापूर या ठिकाणी केओलिनच्या, म्हणजे लोह जवळपास नसलेल्या पांढऱ्या मातीच्या, दोन साच्यांच्या जोडणीतून काढलेल्या मूर्ती मिळाल्या आहेत. तेरच्या लामतुरे संग्रहालयातल्या अशा मूर्तींच्या केशरचना आणि दागिने आजही चकित करतात. तरीही त्या पोर्सिलेन नव्हेत. माती तीच, पण तिला वितळवून सांधणारे दुसरे खनिज सोबत नाही आणि आगही तेवढी नाही. दख्खनच्या काळ्या, लोहाने भरलेल्या, वाळताना भेगाळणाऱ्या मातीला तर तो मार्ग मुळातच बंद. जालन्याच्या कुंभाराला ती वाळू, राख, लीद घालून वळणावर आणावी लागते आणि गोवऱ्या-पाचटाच्या आव्यात सुमारे ७०० ते ९०० अंश सेल्सिअसची आग पुरते. ज्या जिल्ह्यात आज सळ्यांच्या कारखान्यांतून पोलाद वितळते तिथे उष्णतेची वाण नाही, पण मडक्याला तिची गरज नाही.

चीनमध्ये जिंगदेझेनजवळच्या गाओलिंग टेकडीवरून केओलिनला नाव मिळाले. तिथे राहिलेले फ्रेंच जेझुइट दांत्रकोल यांनी १७१२ साली पाठवलेल्या पत्रात कारागिरांची एक समजूत नोंदवली आहे: भांड्यात केओलिन हे हाड आणि दुसरा, सहज वितळणारा दगड हे मांस. युरोपात जर्मनीतील माइसेन येथे १७१० साली पोर्सिलेनचा कारखाना उभा राहिला. पोर्सिलेन आज साधारणपणे निम्मे केओलिन, पाव हिस्सा फेल्डस्पार आणि पाव हिस्सा क्वार्ट्झ, म्हणजे गारगोटीचे पीठ, असे मिसळून घडवतात. फेल्डस्पार हे पोटॅशियम किंवा सोडियम असलेले, भट्टीत सर्वांत आधी वितळणारे खनिज. हाडामासाच्या उपमेतले मांस ते हेच.

भट्टीत या तिघांचे काय होते ते पाहिले तर प्रशस्तपादाची क्षणगणना आठवल्याखेरीज राहत नाही, फक्त इथे क्षणांच्या जागी तास आणि अंश आहेत. आधी ओल जाते. मग ४५० ते ६०० अंशांच्या दरम्यान केओलिनच्या स्फटिकात बांधलेले पाणी निघून जाते. ते निघाले की स्फटिकाची आतली मांडणी मोडते, त्याच्या वजनाचा सुमारे १४ टक्के भाग वाफ होऊन जातो, आणि जे उरते त्याला मेटाकेओलिन म्हणतात. आश्चर्य असे की मांडणी मोडली तरी केओलिनच्या पातळ षट्कोनी पापुद्र्याची बाह्यरेषा तशीच राहते. वैशेषिक ज्याला परमाणूंचा विभाग म्हणेल तो झालेला असतो आणि नैयायिक ज्याला तोच पदार्थ म्हणेल तो जागच्या जागी पडलेला असतो. ५७३ अंशांवर क्वार्ट्झ आपली मांडणी किंचित बदलून फुगते. सुमारे ९८० अंशांना मेटाकेओलिनमध्ये नव्या, अतिशय बारीक स्फटिकांची सुरुवात होते, आणि ९९० अंशांच्या आसपास फेल्डस्पार सिलिकाच्या सान्निध्यात वितळू लागतो. त्यानंतर मुलाइट नावाचे ॲल्युमिनियम आणि सिलिकॉन यांचे खनिज वाढते. स्कॉटलंडमधल्या मल बेटावरून त्याला हे नाव पडले. केओलिनच्या जागी ते बारीक ठिपक्यांसारखे असते, तर जिथे फेल्डस्पार वितळला तिथल्या द्रवात, १२०० अंशांच्या पुढे, ते लांब सुयांसारखे वाढत जाते. क्वार्ट्झचे कण कडेने विरघळू लागतात आणि प्रत्येक कणाभोवती काचेची एक झालर तयार होते. भांडे थंड झाल्यावर त्याच्या पातळ चकतीला तीव्र आम्लाचा हात देऊन इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले, तर काच खरवडली जाऊन उघडे पडलेले मुलाइटच्या सुयांचे जाळे आणि क्वार्ट्झकणाभोवतीची बारीक वर्तुळाकार चीर दिसते. थंड होताना क्वार्ट्झ काचेपेक्षा जास्त आकसते, म्हणून ती चीर पडते. अशा पोर्सिलेनमध्ये साधारण ६५ ते ८० टक्के काच, १० ते २५ टक्के मुलाइट, ५ ते २५ टक्के न विरघळलेले क्वार्ट्झ आणि ८ टक्क्यांपर्यंत रंध्रे असतात.

रंध्रांची हकिकत मात्र याहून वेगळी आणि प्रस्तुत प्रश्नाला अधिक जवळची आहे. कच्च्या भांड्यात रंध्रे म्हणजे कणांमधल्या मोकळ्या जागा. त्या एकमेकींना जोडलेल्या असतात आणि बाहेरच्या हवेला खुल्या असतात. या खुल्या वाटांनीच वाफ आणि जळालेल्या सेंद्रिय पदार्थांचे वायू बाहेर पडतात. ते पडण्याआधी वाटा बंद झाल्या तर भांडे नासते, हे प्रत्येक कुंभार जाणतो आणि म्हणून सुरुवातीची आच मंद ठेवतो. काचेचा द्रव तयार झाला की तो पृष्ठताणाच्या ओढीने कणांमध्ये शिरतो, कणांना जवळ खेचतो, वाटा अरुंद होतात, मग तुटतात, आणि जोडलेल्या वाटांच्या जागी एकाकी, बंद, गोल बुडबुडे उरतात. गोल यासाठी की पृष्ठताणाला सर्वांत कमी पृष्ठभाग हवा असतो. बुडबुड्यात अडकलेला वायू मात्र कुठे जाणार? आकुंचनाबरोबर त्याचा दाब वाढतो आणि एका मर्यादेनंतर तो आणखी आकुंचन होऊ देत नाही. आच त्याहून वाढवली तर पृष्ठताणाला न जुमानता तोच वायू पसरतो, लहान बुडबुडे मोठ्यांत मिसळतात आणि जास्तीत जास्त घट्ट झालेले भांडे उलट पोकळ होऊ लागते. पक्वतेच्या पुढे गेलेले भांडे फुगते, म्हणजे पाकाला कमाल असते. हे दोन्ही दर्शनांच्या पाकविचारात कुठेच येत नाही, कारण त्यांच्यापुढचे भांडे त्या टोकाला कधी गेलेच नव्हते.

आता पिठरपाकवादी आणि पीलुपाकवादी या दोघांना पोर्सिलेनच्या भट्टीसमोर उभे केले तर कोण जिंकेल? पहिला धक्का नैयायिकाला बसतो. अग्नी रंध्रांतून आत जातो, हे त्याचे उत्तर भट्टीच्या पहिल्या निम्म्या काळापुरते खरे राहते. वाटा बंद झाल्यावरही पाक चालूच असतो, सुया वाढतच असतात, आणि उष्णता भिंतीच्या घन द्रव्यातूनच आत जात असते. दुसरा धक्का अधिक गंभीर आहे आणि तो त्याच्याच नियमाने बसतो. न्याय-वैशेषिक मतात परिमाण, म्हणजे वस्तूचे माप, फक्त वस्तूच्या नाशानेच नष्ट होते. मोठी वस्तू लहान झाली तर ती तीच राहिली असे म्हणता येत नाही. मडके भाजताना फारसे आकसत नाही, म्हणून तेच परिमाण हा मुद्दा नैयायिकाला निर्धास्तपणे मांडता येत असे. पोर्सिलेनमध्ये लांबी, रुंदी आणि उंची यांत प्रत्येकी दहाव्या हिश्श्याची घट झाली तरी आकारमान २७ टक्क्यांनी घटते. म्हणजे भट्टीतून निघालेली बशी, नैयायिकाच्या स्वतःच्या नियमाने, आत ठेवलेली बशी नव्हे.

म्हणून वैशेषिक जिंकला असे मात्र होत नाही. त्याच्या मताला आवश्यक असलेला तो एक क्षण, ज्या क्षणी घट नसतो, फक्त परमाणू असतात, तो भट्टीत येत नाही. फेल्डस्पार वितळतो तेव्हा क्वार्ट्झ आणि मुलाइट उभे असतात. क्वार्ट्झ कडेने विरघळते तेव्हा मधला कण तसाच असतो. द्रव स्वतःही इतका दाट असतो की भांड्याला त्याच्याच वजनाने वाकू देत नाही. वरची रास कोसळत नाही हा नैयायिकाचा जुना मुद्दा इथे फक्त उदाहरण राहत नाही, तो मोजता येणारा गुण होतो: आच जास्त झाली तर पोर्सिलेनची बशी खरोखरच कडेला खचते, आणि ती खचू नये म्हणून कारागीर तिला आधार देतात. तोवर उभे असणे हे सर्व अवयवांनी आपापले वाटे आळीपाळीने बदलल्यामुळे साधते, कोणताही बदल न झाल्यामुळे नव्हे. दोन्ही दर्शनांनी एक गोष्ट न तपासता गृहीत धरली होती: अवयवीचा नाश आणि उत्पत्ती या घटना संपूर्ण वस्तूच्या आहेत आणि एका क्षणी घडतात. बौद्ध क्षणिकवाद्यांनी प्रत्येक क्षणी नवा घट मानला तेव्हाही नाश आणि उत्पत्ती एका क्षणी घडतात हे गृहीत त्यांनी सोडले नव्हते, फक्त क्षणांची संख्या वाढवली होती. भट्टी या गृहीताविरुद्ध साक्ष देते. घट काही अंशी तोच राहतो आणि काही अंशी दुसरा होतो, आणि हे अंश नुसते बोलण्यातले नसून मोजता येतात.

वैशेषिक मतातला धार्मिक भाग, म्हणजे नव्या घटाच्या जुळणीमागचे अदृष्ट, याने निकालात निघतो का? उपभोग घेणाऱ्याच्या पुण्याने परमाणू जुळतात, ही कल्पना आधुनिक वाचकाला हास्यास्पद वाटण्याची शक्यता आहे, आणि पृष्ठताण ठाऊक असलेल्याला तिची गरजही वाटणार नाही. तरी तिच्यामागची शंका खरी होती. कुंभाराचा हात आव्याबाहेर राहतो आणि तरीही आत कामाची वस्तू तयार होते, याचे कर्तृत्व कोणाचे? उत्तरकालीन न्याय-वैशेषिक ईश्वराला सर्व कार्यांचा कर्ता मानून हा प्रश्न सोडवतात. शतरुद्रीयात रुद्राला वंदन करताना कुंभार आणि लोहार यांनाही नमस्कार केला आहे, त्या परंपरेला हे उत्तर अपरिचित नव्हते. कुंभार स्वतः मात्र आवा लावताना नारळ फोडतो आणि आवा उतरेपर्यंत निश्चित काही बोलत नाही. जे आपल्या हातात नाही ते तो आपल्या नावावर घेत नाही, आणि वैशेषिकाच्या अदृष्टातला हा नम्र भाग त्याच्या भौतिक सिद्धांतापेक्षा अधिक टिकाऊ वाटतो.

वेदान्ताने घटाकडे पाहिले ते भिंतीसाठी नव्हे, पोकळीसाठी. घनसावंगी तालुक्यातल्या जांब येथे १६०८ साली जन्मलेल्या समर्थ रामदासांच्या दासबोधात घटाकाश आणि मठाकाश यांचा दृष्टांत येतो: घटातले आकाश आणि मठातले आकाश वेगळे भासले तरी आकाश एकच, आणि घट फुटला की भेदाचा आभासही जातो. हा दृष्टांत मातीच्या घटाला शोभतो, आणि कदाचित वेदान्त्यांना वाटले त्याहून अधिक शोभतो, कारण माठाच्या भिंतीत आतले आणि बाहेरचे आकाश घट न फुटताही जोडलेले असते. पाणी त्याच वाटेने बाहेर येऊन उडते आणि माठ गार होतो. पोर्सिलेनच्या बंद रंध्रांना मात्र हा दृष्टांत लागू करताना अडखळायला होते. भट्टीतल्या हवेचा एक कण काचेत अडकला, त्याच्याभोवती कसलीही वाट उरली नाही, आणि भांडे फुटले तरी तो कदाचित तसाच एखाद्या तुकड्यात राहील. आकाशाला अर्थातच अडकवता येत नाही, असे वेदान्ती म्हणेल, आणि तो बरोबर असेल; अडकतो तो वायू. पण भेदाचा आभास घटाबरोबर जातो हे विधान त्याला थोडे सावरून घ्यावे लागेल.

मराठी संतपरंपरेत पक्वतेची परीक्षा तेरच्या गोरा कुंभाराने घेतली, ती आवाजावरून. संतांच्या मेळ्यात मडकी कच्ची की पक्की हे पाहायला सांगितल्यावर गोरोबांनी थापटणे घेऊन एकेकाच्या डोक्यावर हाणले. इतर सर्वांनी ते सोसले, नामदेव मात्र चिडले आणि कच्चे ठरले, आणि मग गुरूच्या शोधात औंढ्याला विसोबा खेचरांकडे गेले, ही कथा महिपतींच्या भक्तविजयामुळे घरोघर पोचली. कुंभाराची ही परीक्षा तंतोतंत खरी आहे. कच्चे मडके भद्द वाजते, भाजलेले खणखणते, आणि तडा असलेले भाजलेले मडकेही भद्दच वाजते, कारण कण जिथे एकमेकांना चिकटलेले नाहीत किंवा तुटले आहेत तिथे कंपन मरते. पोर्सिलेनची बशी नखाने वाजवली तर घंटेसारखी निनादते. कथेत सहसा दुर्लक्षित राहणारी गोष्ट अशी की थापटण्याने गोरोबा कोणाला भाजत नाहीत. भाजणे औंढ्याला होते. ओळखणारा एक आणि पक्का करणारा दुसरा. न्याय-वैशेषिकांच्या वादात हे दोन प्रश्न, घट पक्व आहे हे कसे कळते आणि तो पक्व कशाने होतो, वारंवार एकमेकांत मिसळले गेले.

सर्वांत जुना दृष्टांत छांदोग्योपनिषदातला. उद्दालक आरुणी श्वेतकेतूला सांगतो की मातीचा एक गोळा कळला की मातीचे सर्व काही कळते. घट, शराव ही नुसती नावे, खरी ती माती. शंकराचार्यांनी ब्रह्मसूत्रभाष्यात कार्य कारणाहून वेगळे नाही हे सांगताना याच वाक्याचा आधार घेतला आणि दुसऱ्या अध्यायात वैशेषिकांच्या परमाणूंचे खंडनही केले. कच्च्या घटाबाबत उद्दालकाचे म्हणणे निर्विवाद आहे: तो पाण्यात टाकला तर घटकाभरात विरघळून पुन्हा गोळा होतो. भाजलेल्या घटाला मात्र हा परतीचा मार्ग नाही. खापर पाण्यात कितीही काळ ठेवले तरी त्याचा चिखल होत नाही, कारण स्फटिकात बांधलेले पाणी आगीत गेले आहे आणि मातीची मूळ मांडणी मोडली आहे. दृष्टांताच्या दृष्टीने ही मोठी अडचण असूनही टीकाकारांपैकी फारसे कोणी तिच्यापाशी थांबलेले दिसत नाहीत.

तिथे थांबावे असे एक निरीक्षण २००९ साली मँचेस्टर आणि एडिंबरा येथील संशोधकांनी पुढे आणले. भाजलेली माती आव्यातून उतरल्या क्षणापासून हवेतली ओल परत घेऊ लागते, आणि हे पाणी नुसते रंध्रांत साचत नाही, रासायनिक रीतीने द्रव्यात बांधले जाते. वेग आधी जरा जास्त आणि मग अत्यंत मंद असतो. त्यांच्या मते घेतलेल्या पाण्याचे वजन काळाच्या चतुर्थ मुळाच्या प्रमाणात वाढते, म्हणजे दुप्पट पाणी घ्यायला सोळापट काळ लागतो. खापर ५०० अंशांपर्यंत तापवले की हे पाणी पुन्हा जाते, आणि गेलेल्या वजनावरून ते कधी भाजले होते याचा हिशेब मांडता येतो, असा त्यांचा दावा होता. पद्धत किती अचूक आहे यावर अभ्यासकांत वाद आहेत, पण पाणी परत येते यावर नाहीत. दाट काच झालेल्या पोर्सिलेनमध्ये ही ओढ फारशी चालत नाही, तिथे वाटा बंद आहेत. भोकरदनच्या टेकाडात पडलेल्या काळ्या-तांबड्या खापराच्या वाटा उघड्या आहेत, आणि सातवाहनांच्या काळापासून केळणेच्या काठच्या हवेतून ते गुंजभर पाणी गोळा करत आहे.